डोळे मिटून वर केलेला हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आता पाच माणसं उरली आहेत. एका आजोबांना ऐकू येत नाही, ते गीत संपल्यावरही टाळ वाजवत राहतात. एक जण तेलंगणात मिरची तोडायला गेला की दोन-दोन महिने फिरकत नाही. दोघी म्हाताऱ्या, आणि एक मी. चार वर्षांपूर्वी आम्ही तेरा होतो. तेरा म्हणजे काही फार नव्हे, पण त्या खोलीत तेरा माणसं गायला लागली की पत्र्यावरच्या चिमण्या उडून जायच्या. हे सगळं का बुडालं याचा हिशोब मी चार वर्षं लावत होते आणि दर वेळी दोष दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात टाकत होते. कधी पास्टरच्या, कधी गावाच्या, कधी मोबाइलच्या. देवालाही दोन-चार वेळा चांगलं सुनावलं. तोंडाची मी पहिल्यापासून खमकी आहे. या वर्षी मोहफुलं पडायच्या दिवसांत मला खरं कारण कळलं, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद आहे.

मी मूळची चंद्रपूरकडची, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन इकडे आले. नवरा लाकूड डेपोत चौकीदार होता, त्याला देवाधर्माचं वावडं. रविवारी मी उपासनेला निघाले की तो कोंबड्यांना दाणे टाकत बसायचा, अजूनही बसतो. गाव आलापल्लीहून आत, साग संपून बांबू लागतो तिथलं. बहुतेक घरं माडियांची, त्यांचे देव त्यांच्या डोंगरात आणि झाडांत. काही घरं धान पिकवणाऱ्या हिंदू शेतकऱ्यांची. अंगणवाडी मंजूर झाली तेव्हा दहावी झालेली बाई गावात मी एकटीच होते, म्हणून ती माझ्याकडे आली. लोक मला बाई म्हणू लागले. पोरं म्हणायची, त्यांच्या आया म्हणायच्या, कोंबडी विकायला आलेला माणूसही म्हणायचा.

जिची ही गोष्ट, ती बाई मला पहिल्यांदा भेटली अंगणवाडीच्या दारात, भाच्याला काखेत घेऊन. मुलाचं वजन करायचं होतं आणि ते काही केल्या झोळीत बसेना. तिनं त्याच्या कानात माडियात काहीतरी सांगितलं आणि ते मुकाट बसलं. मी विचारलं, काय सांगितलं? म्हणाली, "म्हटलं, चूप बस, नाई तं बाई तुले घरी ठेवून घेईन." मला हसू आवरेना. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भावाच्या घराशेजारी एका खोलीत राहणारी. मी तिला बाई म्हणायचे, ती मला बाई म्हणायची, आणि आम्ही दोघी बोलत असलो की कोण कोणाला हाक मारतंय ते तिसऱ्याला कळायचं नाही.

मंडळीत तिला मीच आणलं. आणलं म्हणजे, एका रविवारी ती माझ्यामागं आली आणि दाराशी बसून राहिली. तेव्हा आमची खोली नवी होती. बांबूचे ताटवे, त्यावर मातीचा लेप, वर पत्रे. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे, मधे चटई. पास्टर महिन्यातून दोनदा मोटरसायकलवर यायचे. ते मराठीत सांगायचे आणि निम्म्या लोकांना निम्मंच कळायचं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ती दाराशी बसल्या-बसल्या शेजारच्या म्हातारीला माडियात समजावून सांगू लागली. पास्टर थांबले. म्हणाले, "समोर येऊन सांगा ना." ती आली आणि मग पुढची सात वर्षं तिथंच उभी राहिली.

पास्टर एक वाक्य बोलायचे, ती पाच बोलायची. बायबलातली उधळ्या पोराची गोष्ट चालली होती. पास्टर म्हणाले, "आणि तो घरी परत यायला निघाला." तिनं जे सुरू केलं ते संपेना. माणसं खदाखदा हसू लागली, मग एक म्हातारी डोळे पुसू लागली. पास्टरनी विचारलं, "मी एवढं कुठं बोललो?" ती म्हणाली, "तुमी नाई बोलले. पण तो चालत येऊन राह्यला ना, तं रस्त्यात त्याले नाला लागन, जंगल लागन, भूक लागन. ते कोणी सांगाव?" पास्टर तरुण होते, भले होते. तेही हसले. त्या दिवसापासून आमच्या पुस्तकातले लोक आमच्याच जंगलातून चालू लागले आणि माणसं वाढत गेली.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटून खायची, पोळीही तीच करायची. पहिल्या रविवारी पहाटे उठून, अंघोळ करून, बिनमिठाची पातळ पोळी, एकाच आकाराचे तुकडे. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, ते पाणी स्टीलच्या लहान पेल्यांत ओतायचं. मी मदतीला जायचे. मनुका कुस्करताना ती दोन-चार तोंडात टाकायची आणि म्हणायची, "देवाले चाखून देते." मी रागवायचे. खरं म्हणजे मीही टाकायचे.

तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळे पहाटेच जंगलात जायचे, तेव्हा उपासनाही उजाडता उजाडता, फळीवर, पानं मोजून देतात तिथं, झाडाखाली. पानांच्या पुड्या बांधत गाणं चालायचं. कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तर पाळीपाळीनं भात पोहोचायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा अठरा दिवस माझी चूल पेटली नाही आणि नवरा उपाशी राहिला नाही. असं काही मी चंद्रपूरच्या मोठ्या चर्चमध्ये पाहिलं नव्हतं, जिथं पंखे होते आणि लाकडी बाकं होती.

आता एका सवयीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. आमच्या पास्टरची एक पद्धत होती. शेवटच्या प्रार्थनेआधी ते म्हणायचे, "सगळ्यांनी डोळे मिटा. कोणी कोणाकडे पाहू नका. ज्याच्या मनावर ओझं आहे त्यानं हात वर करावा." मग थोडा वेळ शांतता. मग ते म्हणायचे, "हात दिसले. खाली घ्या." आणि कोणाचं नाव न घेता प्रार्थना करायचे. कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, कोणाला दिवस जात नाहीत, हे बोलून दाखवायची लाज वाटते. हात वर करायला वाटत नाही. फार मायेची रीत होती ती. तिथं डोळे मिटून मी कितीदा हात वर केला असेल, मोजदाद नाही. पास्टरनी "हात वर करावा" म्हटलं की माझा हात विचाराआधी उचलला जायचा.

मग तिचा धाकटा भाऊ गेला. ज्याच्या पोराला काखेत घेऊन ती पहिल्यांदा आली होती, तोच भाऊ. आई बाळंतपणात गेल्यावर हिनंच त्याला वाढवलेला. ताप आला, दोन दिवस घरीच राहिला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेता-नेता गेला. त्यांच्यात, म्हणजे माडियांत, मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. काही महिन्यांनी गोताची सगळी माणसं जमतात, डोंगरातून उंच दगड ओढून आणतात आणि गावाबाहेर बाकीच्या दगडांशेजारी रोवतात. बहिणीनं तिथं तांदूळ वाहायचे असतात. हिच्या बापाच्या दगडाच्या वेळी ती गेली नव्हती, कारण मंडळीत येणाऱ्यांनी तिथं जाऊ नये असं वरून सांगणं होतं. त्या वेळी तिचे भाऊबंद तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. भावाच्या दगडाला मात्र ती गेली. मला आधी सांगून गेली. म्हणाली, "तांदूळ तं वाहीन बाई. त्याले मी भात चारला, आता दगडापाशी दुसरी कोण उभी राहीन?"

मी म्हटलं, जा. हे मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं.

कोणीतरी फोटो काढला. ती दगडासमोर वाकलेली, ओंजळीत तांदूळ. तो फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर गेला आणि शेवटी दुसऱ्या गावच्या मंडळीतल्या कोणीतरी तो पास्टरच्या वरच्या लोकांना दाखवला. त्यांनी पास्टरला सांगितलं की तुमच्या मंडळीतली भाषांतर करणारी बाई हे करते, तर तुमच्या मंडळीनंच काय ते ठरवावं.

तो रविवार मला चांगला आठवतो. धान कापून झालं होतं, खोलीत पेंढ्याचा वास होता. पास्टरचा चेहरा उतरलेला. त्या दिवशी त्यांनी तिला पुढे बोलावलं नाही. ती बायांत, माझ्या समोरच्या रांगेत एका टोकाला बसली होती. त्यांनी फोटोचं सांगितलं, वरून काय निरोप आला ते सांगितलं. मग म्हणाले, "मी एकटा ठरवत नाई. सगळ्यांनी डोळे मिटा. कोणी कोणाकडे पाहू नका. आपली बहीण पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजनापासून आणि पुढे उभं राहण्यापासून दूर असावी, असं ज्याले वाटते त्यानं हात वर करावा."

मी डोळे मिटले.

त्या मिटल्या डोळ्यांआड काय चाललं होतं, ते मी आज लपवणार नाही. पहिल्यांदा काहीच नव्हतं, नुसता अंधार. मग माझ्या उजव्या हाताला बसलेल्या म्हातारीच्या बांगड्या वाजल्या. मागं कोणाच्या तरी लुगड्याची सळसळ झाली. मला वाटलं, हात वर गेले. सगळ्यांचे गेले, माझाच खाली आहे, आणि पास्टर समोरून पाहताहेत. ही हिची मैत्रीण, ही हिला पाठीशी घालते, म्हणत असतील. मी बाहेरून आलेली बाई. मंडळी सोडली तर या गावात माझं म्हणावं असं कोण होतं? आणि आणखी एक गोष्ट होती. लोक माझ्याकडे गोळ्यांसाठी आणि पोषण आहारासाठी येत, तिच्याकडे मन हलकं करायला येत. मंडळीत तिला आणणारी मी, बायबल वाचता येणारी मी, आणि माणसं तोंडाकडे पाहायची ती तिच्या. मला त्याचं वाईट वाटायचं. फार नाही, थोडंसंच, पण वाटायचं. एवढं सगळं होईपर्यंत हात वर गेला होता.

पास्टर म्हणाले, "दिसलं. खाली घ्या." मग म्हणाले, "मंडळीची इच्छा तशीच होवो." आणि त्यांनी फार लांब प्रार्थना केली.

डोळे उघडल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळे भराभर चपला शोधू लागले. एरवी उपासनेनंतर अर्धा तास गप्पा चालायच्या, त्या दिवशी पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. ती मला नाल्याजवळच्या वाटेवर गाठायला आली. मी जरा पुढे निघाले होते, मुद्दाम. तिनं हाक मारली, मी थांबले. ती जवळ आली, दम लागला होता तिला. तिनं सरळ विचारलं, "बाई, तुह्या हात होता का?"

मी म्हटलं, "नाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि आम्ही दोघी बांबूंमधून गावापर्यंत बरोबर चालत आलो. तिनं धानाची गोष्ट काढली, रानडुकरांनी किती नासधूस केली ते सांगितलं. मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, सुटले.

पुढच्या तीन रविवारी ती आली आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली. आत गीत सुरू झालं की बाहेरून तिचा आवाज मिसळायचा, आणि आतले आवाज आपोआप खाली यायचे. चौथ्या रविवारी ती आली नाही. पोळी मी करू लागले. माझी पोळी जाड व्हायची आणि तुकडे लहान-मोठे. पास्टरचं मराठी पुन्हा निम्म्या लोकांना निम्मंच कळू लागलं. मी माडियात सांगायचा प्रयत्न एकदा केला, तर एका म्हातारीनं मला हात जोडून बसवलं. एकेक जण कमी झाला. भांडून कोणी गेलं नाही. या रविवारी पोराला ताप आहे, पुढच्या रविवारी बाजार आहे, मग शेतात काम आहे. पास्टर म्हणायचे, लोकांचा विश्वास थंडावला. मीही मान डोलवायचे.

तिचं काय झालं ते मी रोज पाहत होते. भाऊबंदांनी तिला जवळ केलं खरं, पण इतकी वर्षं दूर राहिलेली म्हणून सणात बसवायचं ते कडेला. त्यांची गाणी ती विसरली होती आणि आमची तिला म्हणता येत नव्हती. हापशावर एकटी यायची. तरी माझ्याकडे येणं तिनं थांबवलं नाही. पावसाळ्यात कोवळे वास्ते सोलून आणून द्यायची, मला बांबूचे कोंब सोलता येत नाहीत हे तिला ठाऊक होतं. अंगणवाडीच्या पायरीवर बसायची, पोरांना झोळीत बसवायची. कधी बोलता बोलता थांबायची आणि माझ्याकडे बघत राहायची, जसं कोणी समोरच्याचं बोलणं संपायची वाट पाहतं. मी विचारायचे, "काय पाहतेस?" म्हणायची, "काई नाई." मला वाटायचं, भाऊ गेल्यापासून हिचं मन थाऱ्यावर नाही. मी तिला टॉनिकच्या गोळ्या दिल्या होत्या! लोहाच्या, लाल. त्या आठवल्या की मला माझीच किळस येते.

मी तिला अनेकदा म्हटलं, ये ना परत. पास्टरना नुसतं म्हण की चुकलं. ती म्हणायची, "भावाच्या दगडाचं कसं चुकलं म्हणू?" मला ते पटायचं, आणि मंडळीचा रागही यायचा. घरी आल्यावर मी नवऱ्यापुढे एकेकाची उणीदुणी काढायचे. त्या म्हातारीनं बांगड्या वाजवत हात वर केला, माझ्या कानांनी ऐकलं. मागच्या बाईनंही केला. ज्यांच्या घरी हिनं बाळंतपणं केली तेच उलटले! बोलता बोलता मला खरंच रडू यायचं. नवरा म्हणायचा, "तुमच्यातले लोक लई वाईट." मी म्हणायचे, हो.

मार्चमध्ये पास्टरची बदली झाली. शेवटच्या रविवारी आम्ही पाच जण होतो. भात आणि कोंबडी केली, त्यांना एक पंचा दिला. निघताना ते मोटरसायकलला पिशवी बांधत होते आणि मी जवळ उभी होते. माझ्या मनात साचलेलं होतंच, म्हटलं, आज यांनाही ऐकवावं. मी म्हटलं, "पास्टरजी, तुमी त्या दिवशी हात वर करायला नसतं लावलं तं आज ही पाळी आली नसती. लोकांच्या हातात दिलं तुमी. आणि लोकांनी काय केलं?"

त्यांनी दोरी सोडली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले होते. म्हणाले, "लोकांनी कुठं केलं, बाई? एकच हात होता."

मला समजलं नाही. मी विचारलं, "एकच?"

"तुमचा." ते म्हणाले. आवाजात दोष नव्हता, नवल होतं. "मले वाटे तुमाले माहीत असन. मी पाच मिनिटं वाट पाह्यली त्या दिवशी. मनात म्हणून राह्यलो, एकही हात येऊ नये, मंग वर सांगता येईन की मंडळी तयार नाई. मंग तुमचा आला. तुमी तिच्या सर्वांत जवळच्या. मी म्हटलं, ह्या बाईले असं वाटते, तं आपल्याले माहीत नाई असं काई तरी असन. बाकीचे गप्प होते, पण कोणी हरकतबी नाई घेतली." दोरी पुन्हा उचलत म्हणाले, "माहीबी चूक झाली. एका हातावर मी मंडळीची इच्छा म्हणून टाकली." मग त्यांनी पिशवी बांधली, सगळ्यांना सलाम केला आणि गेले. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच होते.

त्या संध्याकाळी मी बांगड्यांवाल्या म्हातारीकडे गेले. ती शेंगा सोलत होती. मी विचारलं, त्या दिवशी तू हात वर केला होता का? तिनं कानाला हात लावला. "नाई वो बाई. मी कायले करू? माह्या सुनेची दोन पोरं तिच्या हातानं झाली." मग बांगड्या? तिला आठवेना. म्हणाली, डास चावला असेल, पदर सारखा केला असेल. मी विचारलं, मग चार वर्षांत एकदाही तिला बोलवायला का गेली नाहीस? म्हातारी खाली पाहत म्हणाली, "मले वाटलं तुमी सगळ्यांनी केला असन. तिच्या दारात कोणतं तोंड घेऊन जाव?"

दुसऱ्या म्हातारीनंही हेच सांगितलं. मिरची तोडायला पुन्हा निघून गेलेल्याला फोन लावला, तोही हेच म्हणाला. प्रत्येकानं आपला हात खाली ठेवला होता आणि बाकी सगळ्यांचे वर गेले असं समजून, त्या सगळ्यांच्या वतीनं लाजून, एकेक जण गळाला होता. मंडळी सोडून गेलेल्या आठांपैकी तीन जणांना मी विचारलं. त्यानंतर विचारवेना.

तीन दिवस मी घरातून निघाले नाही. अंगणवाडीत मदतनीस होती. नवऱ्यानं विचारलं, ताप आहे का? मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते, आणि सगळ्या जुळवाजुळवीत माझ्या नकळत मी स्वतःला सोडवतच होते. बांगड्या ऐकल्या, भीती वाटली, बाहेरून आलेली बाई. हे सगळं खरंच होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. पहाटे वेचून आणलेली, अजून ओली, पिवळसर. अर्धं अंगण भरलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "ये, बस. बिमार होती म्हणे." मी सारवलेल्या जमिनीवर बसले. आणि एका दमात सांगितलं. हात माझा होता. एकट्या माझाच होता. तुला मी नाई म्हटलं ते खोटं होतं.

ती टोपलीतून फुलं काढत होती, काढत राहिली. म्हणाली, "मले माहीत आहे."

"पास्टरनी सांगितलं?"

"मी पाहून होती. सगळ्याइचे डोळे मिटून, माहेच उघडे. मले फैसला आयकाचा होता ना, मी कशी मिटीन?" तिनं टोपली पालथी केली, हातानं फुलं पसरली. "तुह्याच हात वर. पहिले वाटलं, माशी हाकलून राह्यली. मंग नाई खाली आला, तं समजली."

 मी एवढंच म्हटलं की मग वाटेवर मला विचारलंस का? माहीत होतं तर विचारलंस का?

तेव्हा तिनं हात थांबवले. इतक्या वर्षांत तिला इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आवाज तर तिनं चढवलाही नाही. "तू हो म्हणशीन म्हणून विचारलं. हो म्हटली असती तं मी तिथीच भांडली असती तुह्यासंग. शिव्या देल्या असत्या. आठ दिवस बोलली नसती. मंग आली असती, पोळी केली असती का नाई, बाहेर तं बसली असती. जन्मभर बाहेर बसली असती मी, मले काई नाई त्याचं. दगडासाठी नाई सोडली मी मंडळी. तू नाई म्हटली, म्हणून सोडली. तीन ऐतवार बसून पाह्यलं. आत प्रार्थनेचं म्हणे, डोळे मिटा, तं बाहेर माहेबी मिटत. मंग वाटे, आत तू बसून आहे. तुह्यासंग एका जागी मी डोळे कशी मिटू?"

मी म्हटलं, माफ कर मला. हे म्हणताना मी रडत होते आणि रडण्याचीही मला लाज वाटत होती.

तिनं फुलांतली एक काटकी वेचून बाजूला टाकली. मग म्हणाली, "चार वर्ष येत होती तुह्या पायरीवर. म्हटलं, आज सांगन, उद्या सांगन. तवा सांगतली असती तं करून टाकली असती माफ. आता मीच थकली, बाई." तिच्या चेहऱ्यावरून राग गेला होता, आणि मला वाटलं, तो राहायला हवा होता.

घरात जाऊन तिनं दुसरी भरलेली टोपली आणली आणि ती माझ्यासमोर उभी राहिली. ऊन वर आलं होतं, फुलं लवकर पसरायला हवी होती, आणि अंगणात मोकळी जागा मी बसले होते तेवढीच उरली होती. म्हणून मी उठले.